जत्रेतली रात्र फोनवर: दशावताराचा व्हिडिओ काढण्यापासून चाकरमान्यांच्या टीव्हीपर्यंत

पहिल्या वर्षी मी आमच्या जत्रेतला दशावतार, म्हणजे रात्रभर चालणारं कोकणातलं लोकनाट्य, यूट्यूबवर टाकला आणि दुसऱ्याच दिवशी डोंबिवलीहून काकीचा फोन आला. "दिसता बरा रे, पण आयकाक काय येना नाय." लावून बघितलं तर खरंच. रात्रभर जागून काढलेला व्हिडिओ, त्यात राजा तावातावाने हात फेकतोय, आणि ऐकू काय येतंय, तर जनरेटरची घरघर आणि माझ्या मागे बसलेल्या दोघांचं भाताच्या दरावरून चाललेलं बोलणं.

त्यानंतरच्या जत्रांमध्ये चुकत चुकत जे कळलं ते इथे लिहितो आहे. उदाहरण सिंधुदुर्गातल्या जत्रेचं असलं, तरी गावचं भजन, कीर्तन, शाळेचं स्नेहसंमेलन, शिमग्यातलं नमन, सगळ्यांना हाच क्रम लागू पडतो: आधी परवानगी, मग आवाज, मग फोनमधली जागा, आणि सगळ्यात शेवटी चित्र. लोक नेमका उलटा क्रम धरतात. नवा फोन घेतात, ४केवर (खूप स्पष्ट चित्राच्या सेटिंगवर) लावतात आणि सुटतात. पण हा व्हिडिओ बघणार कोण? ज्याला त्या मांडवातला प्रत्येक माणूस ओळखता येतो तो. चित्र थोडं धूसर असलं तरी त्याचं चालतं. आवाज नसला तर त्याच्या हाती काहीच लागत नाही.

आधी विचारा

नाटकमंडळाच्या मालकाला आणि देवस्थानच्या मानकऱ्यांना विचारल्याशिवाय ट्रायपॉड उघडू नका. ही नुसती रीतभात नाही. दशावताराला पाठ केलेली संहिता नसते; आख्यान ठरतं आणि संवाद नट रंगमंचावर आपल्या बुद्धीने उभे करतो. ते त्याचं भांडवल आहे. अख्खं आख्यान फुकटात नेटवर गेलं तर पुढच्या गावातली माणसं "हे बघून झालंय" म्हणून उठून जातात. कायदाही नटाच्या बाजूने आहे: १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ने कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क दिला आहे आणि तो ५० वर्षं टिकतो.

विचारायची वेळही सांभाळा. नट तोंडाला रंग लावत बसलेले असताना मध्ये तोंड घालू नये. संध्याकाळी मंडळाची गाडी येऊन सामान उतरलं, चहा झाला, की मालकाशी बोलायचं. मला आजवर तीन प्रकारची उत्तरं मिळाली आहेत. कुणी म्हणतं, सगळं टाका, आमचं नाव नि नंबर तेवढा लिहा. कुणी म्हणतं, सुरुवातीचा आडदशावतार (आख्यानाआधीचा पूर्वरंग) आणि एखादा प्रवेश टाका, बाकी नको. तिसरं उत्तर, गावच्या माणसांपुरतं ठेवा. तिन्ही मान्य करण्यासारखी आहेत आणि तिन्हींची सोय यूट्यूबवर आहे, ती पुढे सांगतो. देवळाच्या गाभाऱ्यात मात्र बऱ्याच ठिकाणी कॅमेरा चालत नाही. तिथे वाद घालत बसू नका.

आदल्या दिवशीचा हिशोब

साध्या अँड्रॉइड फोनवर १०८०पी (फुल एचडी) आणि सेकंदाला ३० फ्रेमवर व्हिडिओ काढला, तर मिनिटाला साधारण १२५ ते १३० एमबी जागा जाते. म्हणजे तासाला साडेसात जीबी. आख्यान पाच तास चाललं तर ३८ जीबी. ४केला याच्या अडीच-तीन पट धरा. प्रत्येक फोनचा आकडा थोडा वेगळा असतो, म्हणून आदल्या दिवशी दहा मिनिटं कुणाचंही, अगदी अंगणातल्या कोंबड्यांचं, चित्रण करा, फाइलचा आकार बघा आणि गुणाकार करा.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच.२६५ किंवा 'हाय एफिशियन्सी' असा पर्याय असतो. त्याने फाइल जवळपास निम्मी होते. मोह होतो, पण जुन्या टीव्हीला आणि जुन्या लॅपटॉपला ही फाइल बऱ्याचदा उघडत नाही. पेनड्राइव्हवरून बघणारी माणसं गावात असतील तर जुना एच.२६४ हा पर्याय बरा. हे मी टीव्हीसमोर जमलेल्या पंधरा माणसांच्या साक्षीने शिकलो.

जागा मोकळी करायची तर व्हॉट्सॲपपासून सुरुवात करा. सेटिंग्ज, मग 'स्टोरेज अँड डेटा', मग 'मॅनेज स्टोरेज'. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि खूपदा फॉरवर्ड झालेल्या फायली वेगळ्या काढून दाखवतात. सकाळच्या शुभेच्छांचेच कित्येक जीबी निघतात. डिलीट केलेले फोटो-व्हिडिओ गॅलरीच्या कचराकुंडीत काही दिवस पडून असतात, ती कुंडीही रिकामी करा, नाहीतर जागा काही वाढायची नाही.

रात्री चित्रण सुरू करण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका. मधेच फोन आला तर काही फोनवर चित्रण तिथेच थांबतं, आणि जत्रेच्या रात्री "खंय आसंस?" विचारणारे फोन येणारच. रेंज शोधण्यात जाणारी बॅटरीही वाचते. फोनचं कव्हर काढून ठेवा, तापत नाही. १०,००० एमएएचची पॉवरबँक आणि लांब केबल जवळ हवी. यात एक गोम आहे: टाइप-सी खाचेत माइक लावला तर चार्जिंगला खाच उरत नाही. माइक घेताना त्याच्या रिसीव्हरला चार्जिंगसाठी वेगळी खाच आहे का ते बघूनच घ्या.

आणि सलग पाच तास चित्रण करू नका. फोन ज्या एमपी४ फायली बनवतात, त्यांची अनुक्रमणिका साधारणपणे चित्रण थांबवल्यावर लिहिली जाते. मधेच बॅटरी संपून फोन बंद पडला तर सगळा मजकूर आत असूनही फाइल उघडत नाही. पुस्तकाची पानं आहेत पण शिवण नाही, अशी गत. म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने, पात्र आत गेलं आणि दुसरं यायचं आहे अशा वेळी, थांबवून पुन्हा सुरू करा. दोन-चार सेकंद जातात, जाऊ द्यात. रात्री दोन वाजता 'स्टोरेज फुल'ची पाटी आली तेव्हा या सवयीमुळेच माझे आधीचे पाच तुकडे वाचले होते.

आवाज

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा.

फोनचा माइक जवळचं ऐकण्यासाठी बनवलेला असतो. तुम्ही वीस हात लांब बसलात तर फोनला नटापेक्षा शेजारचा खोकला जवळचा. त्यात फोन आवाज आपोआप कमी-जास्त करतो. भोंग्याजवळ बसलात तर भोंग्याच्या दणक्याने आवाज फाटतो, मग फोन तो दाबतो, आणि पुढच्या हळू संवादाला पुन्हा वर उचलताना जनरेटरही वर येतो. यावर तीन उपाय आहेत.

पहिला उपाय फुकटचा. घरातला जुना फोन घ्या, पडदा फुटला असला तरी चालेल. त्यात व्हॉइस रेकॉर्डर सुरू करा आणि रंगमंचाच्या कडेला, साथीदार बसतात तिथे, पेटीवाल्याला सांगून ठेवा. खाली चौघडी केलेला टॉवेल घाला, म्हणजे फळीवर नाचणाऱ्या पायांचा धमधमाट माइकमध्ये शिरत नाही. झांजेपासून लांब ठेवा. झांज जवळ असली की बाकी काहीच ऐकू येत नाही. हा फोनही एअरप्लेन मोडवर. दोन्ही फोन सुरू झाले की कॅमेऱ्याला दिसेल अशी एक जोरदार टाळी वाजवा. नंतर जुळवताना चित्रात हात एकत्र येतात तो क्षण आणि आवाजातला 'टप्प' एकावर एक ठेवायचा, की पुढचं सगळं जुळतं. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत एका चालीने चालत नाहीत, तासाभरात ओठ आणि शब्द यांच्यात किंचित फट पडू लागते. तुकड्यांनी चित्रण केलं की दर तुकड्याला नवी टाळी, आणि ही फट वाढत नाही.

दुसरा उपाय साउंडवाल्याशी दोस्ती. नटांच्या डोक्यावर टांगलेले माइक त्याच्या मिक्सरला येतात, म्हणजे सगळ्यात चांगला आवाज त्याच्याकडे आहे. हल्लीच्या बऱ्याच छोट्या मिक्सरना यूएसबीची खाच असते आणि त्यावर रेकॉर्डही करता येतं. पेनड्राइव्ह त्याच्या हातात द्या, एक चहा पाजा, काम झालं. मिक्सरमधून वायर काढून थेट फोनला जोडण्याच्या भानगडीत पडू नका. मिक्सरचा सिग्नल फोनच्या माइकच्या मानाने फार जोरकस असतो, मधे तो कमी करणारं काही नसलं तर नुसती खरखर रेकॉर्ड होते. शिवाय फोनला तीन पट्ट्यांची पिन लागते आणि साउंडवाल्याकडे दोन पट्ट्यांची असते.

मिक्सरच्या आवाजात एक उणीव मात्र राहते. ज्याच्यासमोर माइक आहे तेवढंच त्यात येतं. पखवाजाला माइक नसेल तर पखवाज दूर कुठेतरी वाजल्यासारखा वाटतो. आणि लोकांचं हसू? आडदशावतारातला संकासुर आला, एखादा फटका बसला, मांडव हसला, ते हसू मिक्सरमध्ये नसतंच. त्याशिवायचा दशावतार म्हणजे रिकाम्या मांडवातली तालीम वाटते. म्हणून मिक्सरचा आवाज मुख्य ठेवायचा आणि कॅमेऱ्याच्या फोनचा आवाज त्याखाली हलका मिसळायचा.

तिसरा, कॉलरला लावायचा बिनतारी माइक. हा दशावतारासाठी नाही. तिथे पाच-सहा पात्रं, युद्धं, उड्या. पण कीर्तनकार किंवा एकटा वक्ता असेल तर याच्यासारखं सोपं काही नाही. हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा आणि उपरण्याखाली दडवू नका, कापड घासल्याचा आवाज फार लागतो. उघड्यावर वारा असेल तर माइकवर स्पंज किंवा लोकरी टोपी हवीच.

उपाय कोणताही असो, एक मिनिट रेकॉर्ड करून इअरफोन कानात घालून ऐका. तसंच नाटक सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत पुन्हा एकदा. ऐकल्याशिवाय "बराबर येता" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, सांगणारा मी असलो तरी.

जागा आणि चित्र

पाचशे-सहाशेचा ट्रायपॉड पुरतो, त्याचा एक पाय मांडवाच्या खांबाला सुतळीने बांधा. लहान मुलं पुढे जमिनीवर बसतात. त्यांच्या मागे, पण उभ्या राहणाऱ्या पुरुषमंडळींच्या पुढे, अशी जागा संध्याकाळीच धरून ठेवा. फोनची उंची नटाच्या छातीएवढी. फोन आडवा. बोटांनी ताणून झूम करू नका, नुसतं चित्र फाटतं. जवळचं हवं तर जवळ बसा.

दिव्यांचा प्रश्न दोन प्रकारचा. हॅलोजनच्या झोतात नटाचा रंगवलेला चेहरा पांढराफटक दिसतो, कारण फोन मागचा अंधार बघून उजेड वाढवतो. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतात. मग शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. दुसरं म्हणजे चित्रात वर-खाली सरकणाऱ्या काळ्या पट्ट्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बऱ्याच ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उघडझाप करतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. सेटिंगमध्ये 'अँटी-फ्लिकर' किंवा 'अँटी-बँडिंग' असेल तर ५० हर्ट्झ निवडा. प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा.

फोनचा टॉर्च नटांवर मारू नका. एवढंच.

कापणं

फार कापाकापी नको. सुरुवातीचं "हॅलो हॅलो माइक टेस्टिंग", मधला चहाचा वेळ, कुणी दारू पिऊन मंचासमोर नाचला असेल तर तो, कुणाचं मूल आईच्या मांडीवर उताणं झोपलेलं दिसत असेल तर तेही, एवढं काढा. देणगीदारांची नावं वाचून दाखवतात तो भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून मी एकदा कापला होता. त्यावर्षी मला मुंबईहून सर्वाधिक फोन आले. तो भाग कधीही कापू नका.

नुसते तुकडे छाटायला गॅलरीतलं एडिट पुरतं. आवाज बदलायचा तर वेगळं ॲप लागतं. काइनमास्टर, इनशॉट चालतात. काइनमास्टरच्या फुकट आवृत्तीत कोपऱ्यात शिक्का येतो. यूट्यूबचंच 'यूट्यूब क्रिएट' नावाचं फुकट ॲप आहे. पाच तासांचं काम फोनवर करायला गेलात तर फोन रडकुंडीला येतो. कुणाकडे लॅपटॉप असेल तर त्यावर शॉटकट हे मोफत सॉफ्टवेअर टाका, आणि जनरेटरची घरघर कमी करायला ऑडॅसिटी. ऑडॅसिटीत नुसत्या घरघरीचा दोन सेकंदांचा तुकडा दाखवला की ती बाकी सगळीकडून तेवढाच आवाज वजा करते. अति केलंत तर नट पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा वाटतो.

नावं मराठीत टाकताना जोडाक्षरं तपासा. काही ॲप 'श्री'चा आणि 'क्ष'चा चुराडा करतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर नेऊन ठेवतात. ग्रामदेवतेचं नावच मोडकं दिसलं तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. फाँट बदलून बघा, नाहीच जमलं तर मजकुराचं चित्र बनवून चिकटवा.

यूट्यूबवर चढवणं

खातं मंडळाच्या नावाचं काढा, सेक्रेटरीच्या खाजगी जीमेलवर नको. सेक्रेटरी बदलतात, भांडणं होतात, पासवर्ड हरवतात. यूट्यूब स्टुडिओत सेटिंग्जमध्ये 'परमिशन्स' आहे, तिथून दोघा-तिघांना पासवर्ड न देता कामाचा अधिकार देता येतो. नव्या खात्यावरून १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही. मोबाइल नंबरवर कोड मागवून खातं पडताळून घेतलं की मर्यादा १२ तास किंवा २५६ जीबी होते. हे काम जत्रेच्या आठवडाभर आधी उरकून ठेवा.

आता वेगाचा हिशोब. जाहिरातीत सांगतात तो वेग उतरवण्याचा, आपल्याला लागतो चढवण्याचा, आणि तो बराच कमी असतो. स्पीडटेस्ट करा. चढवण्याचा वेग ५ एमबीपीएस निघाला तर एका तासाच्या साडेसात जीबीला तीन तास वीस मिनिटं लागतील, अख्ख्या आख्यानाला सोळा-सतरा तास. आमच्याकडे रात्री अकरानंतर वेग वाढतो, म्हणून मी रोज रात्री एक भाग चढवतो आणि भाग १, भाग २ असे टाकतो. ॲपमध्ये 'फक्त वायफायवर अपलोड' असं सेटिंग असतं. मोबाइल डेटावर चढवायचं असेल तर ते बदलावं लागतं, नाहीतर सकाळी उठून बघावं तर शून्य टक्के.

चढवताना तीन पर्याय दिसतात. 'पब्लिक' म्हणजे जगासाठी. 'अनलिस्टेड' म्हणजे शोधून सापडत नाही, पण लिंक असेल त्याला दिसतो. 'प्रायव्हेट' म्हणजे तुम्ही ज्यांचे ईमेल घालाल त्यांनाच. मालकाने "गावापुरतं ठेवा" म्हटलं तर अनलिस्टेड. मात्र लिंक पुढे पाठवण्यापासून कुणाला अडवता येत नाही, हे मालकाला आधीच सांगून टाका. सगळ्यांसाठीचा व्हिडिओसुद्धा मी आधी अनलिस्टेड ठेवतो. यूट्यूब आधी कमी दर्जाची प्रत तयार करतं, एचडी नंतर येते. घाईने लिंक पाठवली की पहिले शंभर जण धुरकट चित्र बघतात आणि "कॅमेरो वायट हा" असा निकाल देऊन मोकळे होतात.

नुसतं 'दशावतारी नाटक' असं नाव देऊ नका, तशी हजारो आहेत. गाव, तालुका, जत्रेचं वर्ष, मंडळाचं नाव, आख्यानाचं नाव, या क्रमाने लिहा. तालुका लिहायचाच, कारण एकाच नावाची गावं कोकणात अनेक. वर्णनात हेच रोमन लिपीतही लिहा. मुंबईत वाढलेली पोरं तशीच शोधतात. पात्र आणि नट यांची नावं न चुकता. खाली वेळा लिहिल्या की व्हिडिओचे भाग पडतात: पहिली वेळ ०:०० असली पाहिजे, किमान तीन वेळा हव्यात, चढत्या क्रमाने, आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा. या वेळा मात्र इंग्रजी आकड्यांत टाका. म्हणजे ज्याला फक्त युद्ध बघायचं आहे तो थेट युद्धावर जातो.

'मेड फॉर किड्स' या प्रश्नावर बरेच जण फसतात. व्हिडिओत मुलं आहेत का, असा तो प्रश्न नाही. व्हिडिओ मुलांसाठी बनवला आहे का, असा आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनाला कुणीतरी 'हो' म्हणतं आणि मग कमेंट बंद. पालकांनी आणि गावकऱ्यांनी बघायच्या व्हिडिओला 'नाही' म्हणायचं. लहान मुलांचे नाच मात्र पब्लिक टाकूच नयेत असं माझं मत आहे. शाळेला विचारा, पालकांना विचारा, आणि अनलिस्टेड ठेवा.

दशावतारातली पदं साथीदार स्वतः गातात, पण नाटक सुरू होईपर्यंत भोंग्यावर सिनेमाची गाणी लागलेली असतात. ती व्हिडिओत आली की यूट्यूबची यंत्रणा ओळखते आणि 'कॉपीराइट क्लेम' येतो. घाबरू नका, क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे. क्लेममध्ये बहुधा जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात, कधी व्हिडिओ अडवला जातो. स्टुडिओत जाऊन तेवढं गाणं पुसता येतं किंवा तो तुकडा छाटता येतो. स्ट्राइक वेगळी, ती नियम मोडल्याची शिक्षा; ९० दिवसांत तीन झाल्या की खातंच जातं. "धार्मिक कार्यक्रम आहे, आम्हाला माफ आहे" असं ऐकायला मिळतं. कायद्यातली ती सवलत कार्यक्रमात गाणं वाजवण्यापुरती आहे, नेटवर चढवण्यासाठी नाही.

पैशाचं विचाराल तर जाहिरातीच्या उत्पन्नासाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं लागतं. मिळाले तर त्यातला वाटा मंडळाला द्या.

लाइव्ह करू का?

दरवर्षी कुणीतरी विचारतं. फोनवरून लाइव्ह करायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात, पहिल्यांदा सुरू करताना २४ तासांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि २०२५च्या जुलैपासून १६ वर्षांखालच्या मुलाला एकट्याने लाइव्ह करता येत नाही. हे सगळं जमलं तरी जत्रेच्या रात्री एका टॉवरवर हजारो फोन लटकलेले असतात. मी तीनदा करून बघितलं, तीनदा राजा तोंड उघडं टाकून गोठला. देवळाशेजारच्या घरात फायबरचं वायफाय असेल तर विचार करा. नसेल तर पालखीचे पाच मिनिटं करा आणि बंद करा.

माणसांपर्यंत पोचवणं

व्हॉट्सॲपवर गॅलरीतून व्हिडिओ पाठवला की तो चेपला जातो, एचडी निवडलं तरी थोडा चेपतोच. दर्जा हवा असेल तर जोडणीच्या चिन्हावरून 'डॉक्युमेंट' निवडून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. पण दोनशे माणसांच्या ग्रुपवर २ जीबी टाकू नका, लोकांचा दिवसाचा डेटा संपतो आणि शिव्या तुम्हाला. ग्रुपवर लिंक आणि मिनिटाभराचा तुकडा पुरे. तोच तुकडा उभा कापून यूट्यूबवर टाकलात तर तो शॉर्ट म्हणून जातो. तीन मिनिटांपर्यंतचे उभे व्हिडिओ हल्ली शॉर्टमध्येच धरतात.

जत्रेच्या दिवसांत 'लाइव्ह बघण्यासाठी हे ॲप घ्या' असे मेसेज फिरतात आणि सोबत एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी) असते. ती उघडू नका, घरातल्या म्हाताऱ्यांनाही सांगून ठेवा. दशावतार बघायला वेगळं ॲप लागत नाही.

शेजाऱ्याला फाइल द्यायची तर नेट कशाला? अँड्रॉइडमध्ये 'क्विक शेअर' आधीपासूनच आहे, दोन फोन शेजारी ठेवून एक जीबी बघता बघता जातो. शेअरइट आणि झेंडर शोधत बसू नका, २९ जून २०२०ला टिकटॉकसोबत त्यांच्यावरही बंदी आली.

टीव्हीवर बघणाऱ्यांसाठी पेनड्राइव्ह. एफएटी३२ पद्धतीने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, जागा रिकामी असली तरी. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत बसते, पण जुना टीव्ही एक्सफॅट वाचेलच असं नाही. अर्ध्या तासाचे तुकडे केलेले असले की प्रत्येक फाइल ४ जीबीच्या आतच राहते आणि हा प्रश्न उद्भवतच नाही.

मूळ फायली

यूट्यूबवर आहे म्हणून फोनमधलं पुसू नका. यूट्यूब स्टुडिओतून परत उतरवलेला व्हिडिओ मूळ दर्जाचा मिळत नाही. गूगलची फुकट जागा जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी, त्यात एक जत्रासुद्धा बसायची नाही. म्हणून मी एक हार्डडिस्क माझ्याकडे आणि दुसरी देवळाच्या कपाटात ठेवतो, वर्षाचा एक फोल्डर, आत तुकडे क्रमाने आणि एका फाइलीत नटांची नावं. पावसाळ्यात डिस्क डब्यात, सोबत सिलिकाची पुडी.

गेल्या वर्षी एका मंडळातला मुलगा आला होता. वडील राजाचं काम करायचे, ते गेले, त्यांचा आवाज कुठे आहे का विचारत होता. ते आमच्या गावात एकदाच आले होते, माझ्या पहिल्या वर्षी. फाइल पेनड्राइव्हवर घालून दिली. त्याने तिथेच लावली, कानाला फोन लावून बसला, आणि भाताच्या दराच्या मधून मधून जेवढं ऐकू येत होतं तेवढं ऐकत राहिला.